बुडत होता की बुडाला? इंग्रजीतला अपूर्ण भूतकाळ

कुणी आपल्याला सांगितलं, ‘काल विहिरीत एक मुलगा बुडत होता,’ तर आपल्या तोंडून लगेच निघतं, ‘मग? काढला का कुणी?’ आणि तेच कुणी सांगितलं, ‘काल विहिरीत एक मुलगा बुडाला,’ तर विचारायला काही उरत नाही. दोन्ही वाक्यं कालचीच, विहीरही तीच. पहिल्या वाक्यात मात्र उडी मारायला अजून वेळ आहे.

इंग्रजीत हीच दोन वाक्यं ‘अ बॉय वॉज ड्राउनिंग’ आणि ‘अ बॉय ड्राउन्ड’ अशी होतात. पहिल्याला शाळेत ‘पास्ट कंटिन्युअस’ म्हणतात. मराठी व्याकरणात त्याचं नाव अपूर्ण भूतकाळ, आणि मला हे नाव इंग्रजी नावापेक्षा जास्त खरं वाटतं. ‘कंटिन्युअस’ म्हटलं की मुलांना वाटतं, क्रिया खूप वेळ चालली पाहिजे. तसं नाही. वीस वर्षं चाललेली गोष्टही इंग्रजीत साध्या भूतकाळात सांगता येते: ‘शी वर्क्ड देअर फॉर ट्वेंटी इअर्स.’ उलट बुडणं दोन-तीन मिनिटांचंच असतं, तरी ते ‘वॉज ड्राउनिंग’ होऊ शकतं. क्रिया किती वेळ चालली यावर हा काळ ठरत नाही. आपण तिच्याकडे कुठून बघतो यावर तो ठरतो. सुरुवात मागे पडलेली, शेवट अजून न दिसलेला आणि आपण मध्येच उभे, अशी नजर असली की अपूर्ण भूतकाळ वापरायचा.

ही नजर मराठी माणसाला कुणी नव्याने द्यावी लागत नाही. ‘-त होता’, ‘-त होती’, ‘-त होते’ या रूपांमध्ये ती आपण रोज वापरतो. मी गेली कित्येक वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे, आणि ‘आय एन जी’ कुठे लावायचं हे बहुतेकांना एका दिवसात जमतं. चुका होतात त्या ठरलेल्या तीन-चार जागी, जिथे मराठी आणि इंग्रजी एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. या लेखात मला त्या जागांवरच जास्त थांबायचं आहे. त्याआधी रचना पाहू, ती सोपी आहे.

कर्ता, मग ‘वॉज’ किंवा ‘वर्’, मग ‘आय एन जी’ लावलेलं क्रियापद. ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि कोणतंही एकवचनी नाम असेल तर ‘वॉज’. ‘वी’, ‘दे’ आणि अनेकवचनी नाम असेल तर ‘वर्’. ‘यू’ला मात्र नेहमी ‘वर्’च, समोर एकच माणूस असला तरी. हे पाठ करायची गरज नाही, कारण आपल्याकडेही तसंच आहे. इंग्रजीत पूर्वी एका माणसासाठी ‘दाउ’ असं वेगळं सर्वनाम होतं, आपल्या ‘तू’सारखं. ‘यू’ मुळात अनेकवचनी. ते आधी आदरार्थी वापरात आलं, मग सगळ्यांसाठीच रुळलं आणि ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून गेलं. म्हणजे आजचं ‘यू’ हे आपलं ‘तुम्ही’ आहे. एकट्या काकांनाही आपण ‘तुम्ही काय करत होतात?’ असंच विचारतो ना? मग ‘व्हॉट वर् यू डुइंग?’ यात खटकण्यासारखं काय?

उच्चाराबद्दल एक सांगते. या शब्दाचा उच्चार ‘वेअर’ करू नका. ‘वेअर’ म्हणजे कुठे. हा शब्द आखूड आहे, ‘वर्’, आणि भरभर बोलताना तो आणखी दबतो. ‘वॉज’ही तसाच दबून ‘वझ्’ होतो. ऐकताना तो सुटला की वाक्याचा काळच हातातून निसटतो, म्हणून कानाला त्याची सवय हवी.

नकार करायचा तर मध्ये ‘नॉट’ घालायचा: ‘ही वॉज नॉट लिसनिंग’, बोलताना ‘वॉझंट’ आणि ‘वरंट’. प्रश्न विचारायचा तर ‘वॉज’ कर्त्याच्या आधी आणायचा: ‘वॉज ही स्लीपिंग?’ इथे ‘डिड’चं काही काम नाही. ‘डिड ही स्लीपिंग’ हे वाक्य मी अनेकदा ऐकते. ‘डिड’ फक्त साध्या भूतकाळाच्या मदतीला येतो, या काळाकडे ‘वॉज’ आधीच हजर आहे.

स्पेलिंगमध्ये तीन-चार ठिकाणी जपावं लागतं. ‘राइट’, ‘मेक’, ‘कम’ यांच्या शेवटचा न उच्चारला जाणारा ई निघून जातो. ‘रन’, ‘सिट’, ‘स्टॉप’, ‘स्विम’ यांसारख्या छोट्या शब्दांत एकच स्वर आणि शेवटी एकच व्यंजन असतं, तिथे ते व्यंजन दोनदा येतं. ‘ईट’, ‘रीड’ यांत दोन स्वर आहेत म्हणून तिथे काही बदलत नाही. मोठ्या शब्दात जोर कुठे पडतो ते बघायचं. ‘बिगिन’मध्ये शेवटी जोर आहे, म्हणून दोन एन. ‘ओपन’ आणि ‘लिसन’मध्ये जोर आधी आहे, म्हणून एकच. ‘ट्रॅव्हल’ला ब्रिटिश लोक दोन एल लावतात आणि अमेरिकन लोक एक, त्यामुळे दोन्ही दिसलं तर गोंधळू नका. ‘डाय’ आणि खोटं बोलण्याचं किंवा आडवं पडण्याचं ‘लाय’ यांच्यातल्या आय-ईचा वाय होतो. आणि ‘स्टडी’चा वाय जागचा हलत नाही, त्याला सरळ ‘आय एन जी’ जोडायचं. तो वाय गाळून लिहिलेलं ‘स्टडिंग’ मला दर आठवड्याला भेटतं.

एवढं झालं की रचना संपली. आता खरी गोष्ट.

मी पोचले तेव्हा ते काय करत होते?

लग्नाच्या घरी तुम्ही उशिरा पोचलात असं समजा. ‘मी पोचले तेव्हा ते जेवत होते.’ पानं मांडलेली, वाढपी फिरतायत, तुम्हालाही ‘या, बसा’ म्हणतील. ‘मी पोचले तेव्हा ते जेवले.’ म्हणजे तुमच्यासाठी थांबले होते, तुम्ही आल्यावर पानावर बसले. ‘मी पोचले तेव्हा ते जेवले होते.’ आता फक्त बडीशेप उरली आहे.

इंग्रजीत याच क्रमाने: ‘व्हेन आय अराइव्ड, दे वर् ईटिंग.’ ‘व्हेन आय अराइव्ड, दे एट.’ ‘व्हेन आय अराइव्ड, दे हॅड ईटन.’ मराठीने जिथे ‘-त होते’ घेतलं तिथे ‘वर् ईटिंग’ आलं, जिथे ‘-ले’ तिथे ‘एट’ आणि जिथे ‘-ले होते’ तिथे ‘हॅड ईटन’. इथे दोन्ही भाषा अगदी हातात हात घालून चालतात.

या काळाचं रोजचं काम हेच आहे. एक गोष्ट चालू असते आणि तिच्यात दुसरी येऊन घुसते. चालू होती ती अपूर्ण भूतकाळात, घुसली ती साध्या भूतकाळात. ‘आय वॉज कुकिंग व्हेन द फोन रँग.’ फोन खणखणला, ती छोटी क्रिया. स्वयंपाक चालू होता, ती मोठी. दोन गोष्टी शेजारी शेजारी चालू असतील तर दोन्हींना ‘आय एन जी’: ‘व्हाइल आई वॉज मेकिंग भाकरी, आजी वॉज क्लीनिंग द राइस.’ आई भाकऱ्या करत होती, तोवर आजी तांदूळ निवडत होती.

एखादी वेळ पकडून विचारलेला प्रश्नही याच घरातला. ‘रात्री 9 वाजता तुम्ही काय करत होतात?’ हा चौकशीतला ठरलेला प्रश्न आहे, ‘व्हॉट वर् यू डुइंग ॲट नाइन?’ त्याऐवजी ‘व्हॉट डिड यू डू ॲट नाइन?’ विचारलं तर अर्थ होतो, 9 वाजल्यावर तुम्ही काय केलंत. पहिल्या प्रश्नाला ‘टीव्ही बघत होतो’ हे उत्तर चालतं. दुसऱ्याला ‘टीव्ही बंद केला’ असं काहीतरी द्यावं लागतं.

जिथे वाट वेगळी होते

आता एक साधं वाक्य घ्या: ‘आजोबा खुर्चीत बसले होते.’ वर ‘-ले होते’ला आपण ‘हॅड’ लावलं, म्हणून हुशार विद्यार्थी इथेही ‘आजोबा हॅड सॅट’ लिहितो. नियम नीट पाळून चूक होते, आणि त्याला कळत नाही कुठे चुकलं. इंग्रजी माणूस म्हणेल, ‘आजोबा वॉज सिटिंग इन द चेअर.’

याचं कारण मला फार सुंदर वाटतं. मराठीला बसणं म्हणजे उभ्याचं खाली येणं. ती हालचाल झाली, संपली, आणि आता तिचा परिणाम दिसतो आहे, म्हणून ‘बसले होते’. इंग्रजीला बसलेलं असणं ही चालू असलेली गोष्ट वाटते, जणू माणूस क्षणाक्षणाला ते बसणं धरून ठेवतो आहे. म्हणून ‘वॉज सिटिंग’. मराठीत ‘आजोबा बसत होते’ म्हटलं तर आपल्या डोळ्यांसमोर गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली टेकणारे आजोबा येतात. इंग्रजीत त्याला ‘वॉज सिटिंग डाउन’ म्हणावं लागेल.

शरीराच्या सगळ्या स्थितींना हे लागू आहे. तो झोपला होता, ‘ही वॉज स्लीपिंग’. ती उभी होती, ‘शी वॉज स्टँडिंग’. इथे तर मराठीत ‘होती’ सोडलं तर वेगळं क्रियापदसुद्धा नाही, ‘उभी’ हे नुसतं विशेषण आहे. कुत्रा दारात पडला होता, ‘द डॉग वॉज लाइंग ॲट द डोअर’. तो भिंतीला टेकला होता, ‘ही वॉज लीनिंग अगेन्स्ट द वॉल’. तिने बाळाचा हात धरला होता, ‘शी वॉज होल्डिंग द चाइल्ड्स हँड’.

कपड्यांमध्ये ही चूक सगळ्यात जास्त होते. ‘मावशी हिरवी साडी नेसली होती’ म्हणजे ‘मावशी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी’. साडी अंगावर आहे, ती त्या साडीत वावरते आहे. आणि ‘मावशी साडी नेसत होती’ म्हणजे निऱ्या अजून हातात आहेत, दार लावलेलं आहे; त्याला ‘वॉज पुटिंग ऑन’. ‘वेअर’ आणि ‘पुट ऑन’ या दोन क्रियापदांमधलं अंतर इंग्रजीत शिकणाऱ्याला अवघड जातं. मराठीत मात्र तेच अंतर एकाच क्रियापदाच्या ‘नेसली होती’ आणि ‘नेसत होती’ या रूपांमध्ये पडतं.

तेव्हा भाषांतर करताना शब्दाचं शेपूट बघून काळ ठरवू नका. डोळ्यांसमोर चित्र आणा. माणूस त्या क्षणी बसलेल्या, झोपलेल्या, घातलेल्या, धरलेल्या स्थितीत दिसत असेल, तर मराठीत काहीही असो, इंग्रजीत बहुधा ‘आय एन जी’ येईल.

‘मला’ची खूण

दुसरी जागा याच्या बरोबर उलट आहे. तिथे मराठीत ‘होतं’ असतं आणि इंग्रजीत ‘आय एन जी’ चालत नाही. ‘मला माहीत होतं’चं ‘आय वॉज नोइंग’, ‘मला हवं होतं’चं ‘आय वॉज वाँटिंग’, ‘माझ्याकडे सायकल होती’चं ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’. भारतभर हे बोललं जातं आणि एकमेकांना समजतंही, पण प्रमाण इंग्रजीत ही रूपं चूक ठरतात. बरोबर रूपं अशी: ‘आय न्यू’, ‘आय वाँटेड’, ‘आय हॅड अ सायकल’.

इंग्रजी पुस्तकं अशा क्रियापदांची लांबलचक यादी देतात आणि पाठ करायला सांगतात. त्या यादीकडे बघता बघता मला एकदा जाणवलं, की त्यातली बरीचशी क्रियापदं मराठीत ‘मी’ने सुरूच होत नाहीत, ‘मला’ने होतात. मला माहीत होतं. मला हवं होतं. मला आवडत होतं. मला समजत होतं. मला आठवत होतं. मला दिसत होतं. मला ऐकू येत होतं. मला पटत होतं. मराठी इथे माणसाला करणारा मानतच नाही. गोष्ट त्याच्यापाशी येते, त्याला होते. इंग्रजीत कर्ता ‘आय’च राहतो, पण तिथेही ही क्रिया नाही, स्थिती आहे, म्हणून तिला मध्य नाही आणि ‘आय एन जी’ही नाही. ‘मला आवडत होतं’ हे ‘आय लाइक्ड इट’. ‘मला दिसत होतं’ हे ‘आय कुड सी’, ‘मला ऐकू येत होतं’ हे ‘आय कुड हिअर’.

म्हणून मी वर्गात सांगते: मनात वाक्य ‘मला’ने सुरू झालं, तर ‘आय एन जी’ लावण्याआधी थांबा. हा ‘मला’ अनुभव घेणाऱ्याचा हवा. ‘मला तो रोज हाक मारत होता’ यात हाक मारणारा दुसराच आहे, तिथे ही खूण चालणार नाही. शरीराच्या जाणिवाही वेगळ्या ठेवा. ‘मला थंडी वाजत होती’ला ‘आय वॉज फीलिंग कोल्ड’ आणि ‘आय फेल्ट कोल्ड’ दोन्ही बरोबर. आणि ‘माझ्याकडे’ हा ‘मला’चाच भाऊ समजा, मालकी सांगणारा.

काही क्रियापदं दोन्ही बाजूंना असतात आणि मराठी त्यांना लगेच वेगळं करते. ‘हॅव’चा अर्थ जवळ असणं असेल तर ‘आय एन जी’ नाही. जेवणं असेल तर खुशाल लावा: ‘दे वर् हॅविंग लंच.’ ‘थिंक’ म्हणजे मत असणं असेल, तर मराठीत ‘मला वाटलं’ किंवा ‘मला वाटत होतं’, इंग्रजीत ‘आय थॉट’. विचार करणं असेल तर मराठीत ‘मी विचार करत होते’, इंग्रजीत ‘आय वॉज थिंकिंग’. ‘मला’चं ‘मी’ झालं आणि ‘आय एन जी’ आलं.

लहानपणी आम्ही पोहत होतो

तिसरी जागा सवयीची. ‘लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जात होतो’ हे मराठीत चालतं. ‘जायचो’ जास्त गोड लागतं आणि जुन्या वळणाने ‘जात असू’ही म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘वी वर् गोइंग टु द रिव्हर’ म्हटलं, की ऐकणारा एका विशिष्ट दिवशी तुम्हाला नदीच्या वाटेवर बघतो आणि वाट पाहतो, मग काय झालं? साप निघाला? पाऊस आला? सवय सांगायची तर ‘वी यूज्ड टु गो’ किंवा नुसतं ‘वी वेंट’. कसोटी सोपी आहे: मराठी वाक्यात ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ टाकून बघा. अर्थ बदलला नाही तर इंग्रजीत ‘यूज्ड टु’.

थोड्या काळापुरती गोष्ट असेल तर मात्र अपूर्ण भूतकाळ चालतो. ‘त्या वर्षी मी नाशिकला राहत होते’, ‘दॅट इअर आय वॉज लिव्हिंग इन नाशिक’. त्यात तात्पुरतेपणाची छटा येते. ‘तीन वर्षांपासून मी तिथे काम करत होते’ हे वाक्य मात्र या काळात बसत नाही, त्याला ‘हॅड बीन वर्किंग’ लागतं. तो विषय मोठा आहे, इथे फक्त पाटी लावून पुढे जाते.

कर्मणी वाक्यात एक छोटी अडचण येते. ‘रस्ता दुरुस्त होत होता’चं विद्यार्थी ‘द रोड वॉज रिपेअरिंग’ करतात. मी त्यांना ‘वॉज बीइंग रिपेअर्ड’ असं दुरुस्त करून देते, पण हेही सांगते की ही चूक एके काळी चूक नव्हती. इंग्लंडमध्ये घर बांधलं जात असेल तर लोक ‘द हाउस वॉज बिल्डिंग’ म्हणत. ‘वॉज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरात येऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही व्याकरणकारांनी तिला कुरूप म्हणून नाकंही मुरडली. आज तीच एकमेव बरोबर मानली जाते.

सांगणं आणि विचारणं

‘तो म्हणाला, मी अभ्यास करतोय.’ मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा काळ जसाच्या तसा ठेवतो: ‘तो म्हणाला की तो अभ्यास करतोय.’ इंग्रजीत ‘सेड’ भूतकाळात गेलं की मागचं वाक्यही सहसा तिकडे जातं: ‘ही सेड ही वॉज स्टडिइंग.’ म्हणजे इंग्रजी बातमीत ‘द मिनिस्टर सेड द गव्हर्नमेंट वॉज कन्सिडरिंग द डिमांड’ असं वाचलं, तर सरकारने विचार करणं सोडून दिलं असं समजू नका. मंत्री बोलले तेव्हा विचार चालू होता, एवढंच ते वाक्य सांगतं. मराठी बातमीत तिथे ‘विचार करत आहे’ असंच येईल.

‘मी तुला फोन करणारच होते’ यातला ‘-णार होते’सुद्धा इंग्रजीत याच साच्यात बसतो: ‘आय वॉज गोइंग टु कॉल यू.’ भूतकाळात उभं राहून पुढे बघणं. असं वाक्य आलं की बहुधा फोन झालेला नसतो, हे दोन्ही भाषांत सारखंच कळतं.

आणि एक वापर असा, जो पुस्तकात कोपऱ्यात असतो पण कामाच्या जागी रोज लागतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी.’ बोलणारी व्यक्ती आत्ता, याच क्षणी मदत मागते आहे, मग ‘वॉज’ का? माझ्या वर्गातल्या एका ताईंना हे अजिबात पटत नव्हतं. आत्ताची गोष्ट भूतकाळात सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, शेजारच्या काकांकडे काही मागायला गेलात तर दारात उभं राहून काय म्हणता? त्या म्हणाल्या, ‘काका, तुमच्याकडे एक काम होतं.’

काम आत्ता आहे, तरी ‘होतं’. आपण मागणीला एक पाऊल मागे नेऊन ठेवतो, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. इंग्रजी त्यासाठी ‘वॉज’ला ‘आय एन जी’ची जोड देतं, ‘आय वॉज होपिंग’, ‘आय वॉज थिंकिंग’, म्हणजे विचार अजून पुरा झालेला नाही, तुमच्या शब्दाने तो बदलूही शकतो. दारातले काकाही ‘काय काम होतं?’ असं विचारत नाहीत. ते चष्मा काढतात आणि म्हणतात, ‘बोला, काय काम आहे?’